कापड पाहून निवडलेली छत्री

फौजेत माणसाला काही निवडावं लागत नाही, हे आमच्या दिघाशीतल्या लोकांना सांगून पटत नाही. बूट मिळतात, बिछाना मिळतो, पोस्टिंग मिळतं. भरती झालो तेव्हा मला बुटाचं माप विचारलं. मी सांगितलं. मिळाले ते एक माप मोठे. बदलून मागायला गेलो तर ट्रेनिंगचे उस्ताद म्हणाले, "पैर बढ़ा लेना." पुढच्या आठवड्यात मी कागद कोंबून त्याच बुटांत पळत होतो.

पॅराशूटचंही तेच. मी पॅरा बटालियनमध्ये होतो. आम्ही पॅराशूटला छत्रीच म्हणायचो. रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने घडी घालून ठेवलेली छत्री पाठीवर चढवायची, सही करायची, विमानात बसायचं. ती छत्री गोल असते. तिची दोरी विमानात अडकवलेली असते, त्यामुळे बाहेर पडलं की ती आपोआप उघडते. कोणाच्या वाट्याला कुठली येईल ते कोणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे भीतीही फारशी वाटायची नाही. जे आपल्या हातात नाही त्याची काळजी करून करणार काय?

निवडायची वेळ फार पुढे आली. तोवर मी हवालदार झालो होतो आणि माझं पोस्टिंग स्कायडायव्हिंगच्या टीममध्ये झालं होतं. टीमचं ठाणं एका उंच माळावरच्या छोट्या विमानतळावर होतं. एक हँगर, एक स्टोअर, राहायच्या दोन बराकी आणि चहाचा मोठा टोप. पहाटे उठायचं, वारा बघायचा, हवा चांगली असेल तर ऊन चढायच्या आत उड्या मारायच्या आणि मग दिवसभर हँगरच्या फरशीवर गुडघे टेकून आपापली छत्री पुन्हा बांधायची. तिथे दुसऱ्याने बांधलेली छत्री चालत नाही. स्वतःची स्वतःच बांधायची. पहिल्या महिन्यात माझे गुडघे सोलून निघाले. त्याच फरशीवर माझी आणि प्रवीणची ओळख झाली.

प्रवीण लान्स नाईक होता. भिवंडीत नारपोलीला राहणारा. आमचं दिघाशी त्याच तालुक्यातलं. एवढ्या लांब माळावर आपल्या तालुक्याचा माणूस भेटला की काय वाटतं ते फौजीलाच कळेल. ड्युटीवर तो मला उस्ताद म्हणायचा, ड्युटी संपली की दादा. मी मराठीत बोलायला लागलो की तो हसायचा. म्हणायचा, "दादा, हे तुमचं हाय-न्हाय जरा कमी करा. लोकांना वाटेल भिवंडीत सगळे असेच बोलतात." मी म्हणायचो, "तुमच्या नारपोलीची भाषा तरी कुठे धड हाय? अर्धी हिंदी, अर्धी लूमच्या खडखडाटात गेली." तो अंगाने बारीक, चपळ, हाताने फार नीटस. टीममध्ये त्याच्यासारखी घडी कोणाची नव्हती. त्याची बांधलेली छत्री दाखवून टीमचे मेजरसाहेब बाकीच्यांना झापायचे.

ती घडी त्याच्या घरातून आली होती. त्याचे वडील, रघुनाथकाका, नारपोलीत एका यंत्रमागाच्या कारखान्यात चेकिंग-फोल्डिंगला होते. लूमवरून उतरलेला तागा टेबलावर पसरायचा, उजेडाविरुद्ध धरायचा, तुटलेला धागा, जाड गाठ, तेलाचा डाग शोधायचा आणि मग घडी घालून पुढे पाठवायचा. खराब माल पास झाला तर बोलणी त्यांना. प्रवीण लहानपणी शाळेतून आला की त्याच टेबलाखाली बसून अभ्यास करायचा. त्याने मला सांगितलं होतं की काका डोळे मिटून नुसत्या बोटाने खोट शोधतात आणि आजवर कधी चुकले नाहीत. हे सांगताना त्याचा आवाज बदलायचा.

पण काकांना त्याचं हे उड्या मारणं मान्य नव्हतं. फौज ठीक आहे, म्हणायचे. बंदूक घेऊन उभा राहा, सीमेवर जा. पण चालत्या विमानातून उडी कशाला मारायची? घरी फोन केला की जेवणाचं विचारायचे, पगाराचं विचारायचे, उड्यांचं नाव काढायचे नाहीत. प्रवीण सांगायला लागला की ते फोन आईकडे द्यायचे. हे त्याला लागायचं. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ छत्रीच्या दोऱ्या उगाच विंचरत बसायचा.

आता छत्रीबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. स्कायडायव्हिंगची छत्री चौकोनी असते. ती नुसती खाली येत नाही, पुढे उडत येते. दोन हातांत दोन टॉगल, म्हणजे ओढायच्या मुठी, असतात. डावा ओढला की डावीकडे वळते, उजवा ओढला की उजवीकडे. जमिनीजवळ दोन्ही एकदम ओढले की वेग मोडतो आणि आपण पायावर उतरतो. छत्री जितकी मोठी तितकी ती सावकाश. माणूस तोच, पण छत्री लहान झाली की ती जोरात उडते, जोरात वळते आणि वळताना खाली सूर मारते. मोठी छत्री नवख्याच्या चुका पोटात घालते. लहान छत्री घालत नाही.

शिकाऊ जवानाला आधी टीमची भली थोरली छत्री देतात. तिच्यावर हात बसला की मग त्याला स्वतःची अशी पहिली छत्री मिळते, आणि ती त्याने स्वतः निवडायची असा आमच्या टीमचा रिवाज होता. हा रिवाज कोणी सुरू केला ठाऊक नाही. स्टोअरमधल्या छत्र्या हँगरमध्ये पसरायच्या. त्याआधी ज्याला जे सांगायचं ते त्याने सांगून घ्यायचं. मग सगळ्यांनी बाहेर चहाला जायचं आणि त्याला आत एकटं सोडायचं. तो एक छत्री खांद्यावर टाकून बाहेर आला की म्हणायचा, "यही मेरी." त्यानंतर कोणी अवाक्षर काढायचं नाही. सगळं आयुष्य मिळेल ते अंगावर चढवणाऱ्या माणसाला ही एक गोष्ट स्वतःची असावी, एवढाच त्यातला अर्थ. मला तो रिवाज फार आवडायचा. आजही मी त्याला वाईट म्हणणार नाही.

प्रवीणची वेळ आली तेव्हा स्टोअरमध्ये दोन छत्र्या मोकळ्या होत्या. एक एकशे नव्वद चौरस फुटांची. ती मीच माझी पहिली म्हणून निवडली होती आणि दोन मोसम वापरली होती. रंग विटलेला, कापड मऊ पडलेलं, एका कडेला छोटं ठिगळ. पण दोऱ्या नव्या घातलेल्या, तपासणी झालेली, उडायला अगदी ठणठणीत. टीममध्ये तिला तंबू म्हणायचे आणि मला तंबूवाला. दुसरी एकशे पन्नासची. जवळजवळ नवी, निळी-पांढरी, कापड असं की हातातून सटकायचं. प्रवीणच्या वजनाला नियमात दोन्ही बसत होत्या. मोठी आरामात बसत होती, लहान जेमतेम.

आदल्या दिवशी दुपारी दोन्ही छत्र्या हँगरमध्ये पसरल्या होत्या. दारं उघडी होती, पण छत्र्या सावलीत, कारण ह्या कापडाला ऊन मानवत नाही. मी प्रवीणला सरळ सांगितलं.

"मोठी घे."

"दादा, तिच्याकडे बघा तरी. गोधडी झालीय."

"गोधडी तर गोधडी. एक मोसम तिच्यावर काढ. मग लहान घे, कोण नको म्हणतंय?"

"आणि एक मोसम तंबूवाला म्हणवून घेऊ?"

"मी दोन म्हणवून घेतलं. मेलो न्हाय."

तो हसला. मग त्याने फोन काढला आणि घरी व्हिडिओ कॉल लावला. मला वाटलं आईला दाखवतोय. पण समोर रघुनाथकाका होते, कारखान्यातच, मागे लूम चालू होते. त्या आवाजात दोघेही ओरडून बोलत होते. प्रवीण म्हणाला, "बाबा, कपडा बघायचाय. दोन आहेत. सांगा कुठला घेऊ."

काकांनी फोन ठेवला नाही. आईकडेही दिला नाही. चष्मा वर केला आणि म्हणाले, "जवळ धर. कॅमेरा हलवू नको." मग कारखान्याच्या बाहेर गल्लीत आले, आवाज कमी झाला.

"चिमटीत धर. चोळ. चुरचुरतो का?"

"नवा चुरचुरतो. जुना मऊ आहे."

"उजेडासमोर धर. सुई-छेद दिसतात का?"

"नाही, दोन्हीला नाही."

"आता तोंडाला लाव. दाबून धर आणि फुंक मार. हवा आरपार जाते?"

प्रवीणने गुडघ्यावर बसून आधी विटलेल्या छत्रीचं कापड तोंडाला लावलं. "थोडी जाते, बाबा." मग निळी-पांढरी. गाल फुगले, तोंड लाल झालं. "ह्यातून नाही जात. अजिबात नाही."

"मग विचारतो काय? माल पास. नवी घे."

सांगायला हवं की फुंक मारून बघायची ही पद्धत आमच्यातही आहे. कापड जुनं झालं की हवा सोडतं, हे खरंच. काकांनी जे तपासलं ते बरोबर तपासलं. फक्त कापड हा प्रश्नच नव्हता. कापड दोन्हीचं उडण्याजोगं होतं. प्रश्न होता मापाचा. मी प्रवीणच्या हातातून फोन घेतला. काकांशी मी त्याआधी एकदाच बोललो होतो, सुट्टीवर त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा.

"काका, मी विलास. दिघाशीचा."

"हां, बोल विलास."

"कापडाचं एवढं नसतं ह्यात. माप बघायचं असतं. नवी आहे ती लहान आहे. लहान छत्री जोरात येते."

"लहान म्हणजे वजनाला हलकी ना?"

"हलकी आहे, पण..."

"मग पोराच्या पाठीवर ओझं कमी. अरे, एक विटलेला, ठिगळ लावलेला, हवा सोडणारा माल आणि एक फर्स्ट क्लास माल. तू बाप असतास तर पोराला कुठल्यावर सोडला असतास?"

मी म्हणालो, "माझ्या अनुभवाने मोठीवर सोडला असता, काका." ते म्हणाले, "तुझं बरोबर असेल. मला विमानातलं कळत नाही. कपड्यातलं कळतं." आणि मग प्रवीणला म्हणाले, "घडी नीट घाल रे. कोपरे जुळव."

फोन बंद झाल्यावर प्रवीणने निळ्या-पांढऱ्या छत्रीचे कोपरे जुळवले. मग म्हणाला, "दादा, बाबा पहिल्यांदा उड्यांबद्दल बोलले." त्याच्या तोंडाकडे मला बघवेना. एवढा खुश मी त्याला कधी पाहिला नव्हता. त्या आनंदापुढे चौरस फुटांचा हिशेब कोण मांडणार, आणि मांडला तरी ऐकणार कोण? तरी मी संध्याकाळी मेजरसाहेबांकडे गेलो. साहेब चांगले होते, ऐकून घेणारे. त्यांनी प्रवीणच्या उड्या पाहिल्या होत्या. म्हणाले, "विलास, दोनों लिमिट में हैं. लड़का साफ़ उतरता है. फ़ैसला उसका है." मी "येस सर" म्हणून परत आलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही चहा प्यायला बाहेर बसलो. माझा कप अर्धाही झाला नव्हता तोच प्रवीण निळी-पांढरी छत्री खांद्यावर टाकून बाहेर आला. "यही मेरी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. रिवाजाप्रमाणे मी त्यानंतर तिच्याबद्दल एक शब्द बोललो नाही.

तिच्यावरच्या पहिल्या उड्या चांगल्या झाल्या. हेच वाईट झालं, असं मला आता वाटतं. तो जोरात यायचा, उतरल्यावर चार-सहा पावलं धावायचा, आणि हसत छत्री गोळा करायचा. एकदा पडला असता, हात खरचटला असता, तर तो स्वतःच मोठीकडे वळला असता. पण पडला नाही. काकांना तो उतरतानाचे व्हिडिओ पाठवायचा. काका आता बघायचे. एकदा उलट लिहून आलं, "कपडा मस्त फुगतो." तो मेसेज त्याने सगळ्या बराकीला दाखवला.

ती सकाळ उन्हाळ्यातली होती. माळावर उन्हाळ्यात हवा विरळ होते, छत्री आणखी जोरात उडते. त्या दिवशी ग्राउंडवर सेफ्टी ड्युटी माझी होती. खालून वारा बघायचा आणि नव्या जवानांना रेडिओवर उतरवायचं, हे काम. नव्याच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, पण तो एकतर्फी. त्याला माझं ऐकू येतं, त्याला मात्र बोलता येत नाही. तो फक्त छत्रीने उत्तर देतो. डावीकडे वळ म्हटलं आणि तो वळला, की समजायचं ऐकलं.

विमान आलं. एकेक करून सगळे बाहेर पडले. छत्र्या उघडल्या. मी मोजल्या, सगळ्या होत्या. निळी-पांढरी शेवटची. मी म्हणालो, "प्रवीण, ग्राउंड. बायाँ मोड़ो." छत्री डावीकडे वळली. "बहुत बढ़िया. सीधा रखो." सरळ झाली. त्याने वाऱ्याच्या तोंडाकडे शेवटचा रस्ता धरला. सगळं पुस्तकात असतं तसं चाललं होतं.

मग वारा फिरला. माळावर उन्हाळ्यात असं होतं. तापलेली हवा एकीकडून उठते आणि वारा एका क्षणात पाठ फिरवतो. वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पिशवी खांबावर लोंबली, आणि फुगली ती उलट बाजूला. प्रवीणच्या पाठीत आता वारा होता. त्याची छत्री तशीच जोराची, त्यात मागून वारा. जमीन त्याच्या पायाखालून पळायला लागली असेल. मी ते अनेकदा अनुभवलंय. डोळ्यांना वाटतं, आता आपण आपटणार.

अशा वेळी करायचं काय, हे आम्ही सगळ्यांना घोकून घोकून शिकवतो. वळायचं नाही. खाली आल्यावर कधीच वळायचं नाही. सरळ येऊ द्यायचं, दोन्ही टॉगल ओढायचे, पाय जुळवून आडवं पडायचं, लोळायचं. खरचटेल, पाय मोडेल, पण माणूस राहतो. मी म्हणालो, "सीधा आने दो. मोड़ना नहीं. सीधा."

त्याचा डावा हात खाली गेला. त्याला वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं होतं, जसं रोज उतरायचा तसं. मोठी छत्री असती तर एवढ्या ओढण्याने ती जरा कलली असती, इतकंच. हिने नाक खाली घातलं.

रेडिओवर मी कधी मराठी बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. "वळू नको रे प्रवीण. सोड. सोड ना. न्हाय, न्हाय, सोड."

त्याने ऐकलं. हे मला सगळ्यांना सांगायचं असतं. कोर्ट ऑफ इन्क्वायरीतही मी तेच सांगितलं. त्याने ऐकलं. मी सोड म्हटल्याबरोबर त्याचा डावा हात वर गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्याने हुकूम पाळला. पण छत्रीला सरळ व्हायला जेवढी उंची लागते तेवढी उंची खाली उरली नव्हती. माझ्या हातात रेडिओ होता, बटण दाबलेलं होतं, आणि सांगण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. हाताशी काहीच नसणं मी फौजेत बरंच पाहिलं आहे. पण हातात सगळं असून उपयोग नसणं मी तेव्हा पाहिलं.

तो जमिनीला लागल्यावरही मी बटण दाबूनच पळत होतो. डॉक्टर आणि अँब्युलन्स मैदानावरच असतात, ते माझ्याआधी पोचले. मी पोचलो तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. प्रवीणचे डोळे उघडे होते. ते मी मिटले. बाकीचं लिहिणार नाही.

त्याला उचलून नेल्यावर मेजरसाहेबांनी मला छत्री गोळा करायला सांगितलं. चौकशी असते, सामान जपून ठेवावं लागतं. ती गवतावर पडली होती आणि वाऱ्याने थोडी थोडी फुगत होती. मी ती सगळी तपासली. एक दोरी तुटलेली नव्हती. एक टाका उसवलेला नव्हता. कापडाला ओरखडा नव्हता. मी गुडघ्यावर बसून तिची घडी घातली. कोपरे जुळवले.

त्याला घरी न्यायची ड्युटी माझ्याकडे आली, कारण मी त्याच तालुक्यातला. नारपोलीच्या त्या गल्लीत दिवसभर लूम चालू असतात, शेजारी उभा असलेला माणूस बोललेला ऐकू येत नाही. आमची गाडी गल्लीत वळली तेव्हा कोणीतरी आधीच सांगितलेलं असावं. एकामागून एक लूम बंद होत गेले. शेवटचा बंद झाल्यावर त्या गल्लीत गाडीच्या टायरचा आवाज येत होता. कारखान्यातले कामगार, बहुतेक उत्तरेकडचे, टोप्या काढून, रुमाल काढून भिंतीला उभे राहिले होते. सलामी झाली. तिरंगा मी काकांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि त्यांची बोटं आपोआप किनारीवरून फिरली. मग त्यांनी मला विचारलं, "फाटली का?"

"नाही, काका."

"कुठे उसवली?"

"नाही. कापडात काही खोट नव्हती."

त्यांनी मान हलवली. "मग माल बरोबर होता," ते म्हणाले. मी म्हणालो, "होय." जे होतं तेच सांगितलं, आणि तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं. पण त्या वेळी त्या माणसाला मापाचं कोण सांगणार? आधी सांगितलं होतं, तेव्हा त्यांच्या हातात निवड होती. आता सांगून त्यांच्या हातात काय द्यायचं होतं?

मी निवृत्त होऊन आता बरेच दिवस झाले. काल्हेरला एका गोदामावर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. ट्रक मोजतो, गेटपास बघतो, पोरांना वेळेवर ड्युटीला उभं करतो. महिन्या-दोन महिन्यांनी नारपोलीला चक्कर होते. रघुनाथकाका अजून कारखान्यात जातात. लूम कमी झालेत, पण चेकिंगचं टेबल आहे. मी समोर बसतो, चहा येतो. ते तागा उलगडत राहतात आणि मध्येच विचारतात, "कपड्यात खोट नव्हती ना रे?" मी म्हणतो, "नव्हती, काका." दर वेळी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. दुसरं काही विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर टीममधून एका सुभेदाराचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तो म्हणाला की तो जुना तंबू अजून चालू आहे. नवीन दोऱ्या, नवीन ठिगळ. आता रिवाजात एवढाच बदल झालाय की पहिला मोसम प्रत्येक नव्या पोराने त्याच्यावरच काढायचा. निवड त्यानंतर. आणि त्याला आता कोणी तंबू म्हणत नाही. प्रवीणची छत्री म्हणतात. ज्याने प्रवीणला पाहिलंही नाही तोही म्हणतो, "आज मैं प्रवीण की छतरी पे हूँ." ऐकून मला फार बरं वाटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करायला मला लाज नाही.

त्याच रविवारी मी नारपोलीला गेलो. काकांना आनंद होईल म्हणून सांगितलं, की टीमने प्रवीणचं नाव एका छत्रीला दिलंय, नवी पोरं तिच्यावर शिकतात. काकांचे हात थांबले.

"कुठली छत्री?"

मला तेव्हा कळलं की मी काय सांगून बसलो. पण ते माझ्याकडे बघत होते.

"मोठी, काका. एकशे नव्वदची."

"ती विटलेली? ठिगळवाली?"

"होय."

"हवा सोडते ती."

"थोडी सोडते."

"आणि पोरं उतरतात? नीट?"

"सगळी उतरतात, काका."

समोर पसरलेला तागा त्यांनी चिमटीत धरला, उजेडासमोर नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मला त्यांचा चेहरा कापडामागे दिसत नव्हता. मग त्यांनी तो खाली घेतला, घडी घातली, कोपरे जुळवले आणि पास झालेल्या मालावर ठेवला. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आले. म्हणाले, "तू सांगितलं होतंस, विलास."

मी म्हणालो, "काका, तुम्ही कापड बरोबर तपासलं होतं."

त्यानंतर मी तीनदा जाऊन आलो. चहा येतो, शेजारी लूम चालतात, काका गुडघ्याचं दुखणं सांगतात. कापडाचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. मला तो रोज ऐकू येतो.

लान्स नाईक प्रवीण. राहणार नारपोली, भिवंडी. त्याने शेवटपर्यंत हुकूम पाळला.